फौजिया कूफी: वडिलांचा मतदारसंघ आणि मुलीचे विधेयक

सह्यकडा

अफगाणिस्तानातील महिला खासदारांविषयी आपल्या वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा ठरीव साच्याचे असते. हल्ल्यातून बचावलेली शूर स्त्री, छायाचित्रात मागे बुरख्यांची रांग आणि अखेरीस तिचा लढा सुरूच असल्याची ग्वाही. फौजिया कूफी यांच्यावर असे लेख ढिगाने निघाले. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे मला काहीच कारण नाही. मात्र या कौतुकात त्यांचा खरा पेशा झाकला जातो, आणि तो पेशा राजकारणाचा आहे. त्यांना मतदारसंघ कुठून मिळाला, मते कशी पडली, सभागृहात काय साधले आणि काय फसले, एवढ्यापुरतीच चर्चा या धाग्यात व्हावी, अशी विनंती आहे.

कूफी यांचा जन्म १९७५ सालचा, बदख्शान प्रांतातला. हा देशाचा ईशान्येकडचा, ताजिकिस्तान, पाकिस्तान आणि चीन यांना टेकलेला डोंगराळ कोपरा. त्यांचे वडील अब्दुल रहमान हे आपल्या भागातील वजनदार गृहस्थ होते आणि राजा झहीर शाहच्या काळात संसदेत बसत. त्यांच्या सात बायका आणि तेवीस मुले, त्यांत फौजिया एकोणिसाव्या. मुलगी झाली म्हणून खचलेल्या आईने जन्मतःच त्यांना उन्हात ठेवून दिले होते, चेहरा भाजला, आणि मग आईलाच राहवले नाही, ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्यानंतर त्याच आईने या मुलीला सगळ्यांत जास्त जपले आणि घराण्यातली शाळेत जाणारी पहिली मुलगी होऊ दिले.

वडिलांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते मला फार बोलके वाटते. प्रांतातला अवघड अतंगा घाट फोडून रस्ता व्हावा म्हणून या गृहस्थांनी काबूल दरबारी चिकाटीने पाठपुरावा केला. लोकांच्या अडीअडचणींसाठी घराचा दरवाजा कायम उघडा असे आणि पाहुण्यांच्या पंक्ती उठत. त्या पंक्तींचा भात मनासारखा उतरला नाही की हेच लोकनेते स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या हातातला धातूचा डाव घेत आणि त्यानेच तिला मारत. मुलीशी ते आयुष्यात एकदाच थेट बोलले, आणि तेही तिला हाकलून लावण्यासाठी. कूफी यांनी या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात लिहिल्या. वडिलांचा अभिमानही टाकला नाही आणि आईचा मारही लपवला नाही. पुढे सभागृहात त्या ज्या पुरुषांशी वाटाघाटी करत होत्या त्यांची त्यांना पुरती ओळख होती, ती या घरातूनच आलेली असावी.

१९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता घेतली. नव्या सरकारने अब्दुल रहमान यांना मुजाहिदीनांशी बोलणी करायला धाडले आणि मुजाहिदीनांनी त्यांना ठार केले. कुटुंब जीव वाचवून फैझाबादला, म्हणजे बदख्शानच्या मुख्य शहरात, आणि पुढे काबूलला आले. फौजिया यांना डॉक्टर व्हायचे होते. १९९६ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले आणि मुलींचे शिक्षण एका फतव्याने थांबले. १९९७ च्या सुमारास त्यांचे लग्न हमीद या अभियंत्याशी झाले. लग्नाला फार दिवस उलटले नव्हते तोच तालिबानने हमीद यांना पकडून नेले. तुरुंगात जडलेल्या क्षयाने २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर दोन मुली झाल्या होत्या. २००२ ते २००४ या काळात फौजिया यांनी युनिसेफसाठी बालसंरक्षणाचे काम केले आणि २००५ मध्ये वोलेसी जिर्गा, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक बदख्शानमधून लढवली.

ही उमेदवारी घरातून आपसूक मिळालेली नव्हती, घरातल्या पुरुषांचे मन आधी वळवावे लागले. पण एकदा ते वळल्यावर जी ताकद मागे उभी राहिली ती वडिलांच्या पुण्याईची होती. ज्या मुलीला बाप ओळख द्यायला तयार नव्हता, तिला त्याच बापाच्या नावावर खोऱ्याखोऱ्यांतून मते पडली. त्या निवडून आल्या आणि डिसेंबर २००५ मध्ये सभागृह भरले तेव्हा दुसऱ्या उपसभापतीच्या पदावर निवडल्या गेल्या. अफगाण संसदेत एवढ्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त निर्णय मात्र २०१३ चा आहे आणि धागा काढण्याचे कारणही तेच. महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा कायदा २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी अध्यादेशाने लागू केला होता. त्यात बालविवाह, सक्तीचा विवाह, दोन कुटुंबांतले वैर मिटवण्यासाठी मुलगी देऊन टाकण्याची 'बाद' नावाची प्रथा, बलात्कार, मारहाण अशी बावीस कृत्ये गुन्हा ठरवली होती. कूफी त्या वेळी सभागृहाच्या महिलाविषयक समितीच्या अध्यक्षा होत्या. १८ मे २०१३ रोजी त्यांनी हा अध्यादेश मंजुरीसाठी सभागृहापुढे आणला. पुराणमतवादी सदस्यांनी तो शरीयतविरोधी असल्याचा गदारोळ केला आणि सभापती अब्दुल रौफ इब्राहिमी यांनी थोड्याच वेळात चर्चा थांबवून मसुदा पुन्हा समित्यांकडे पाठवला.

माझे मत असे की हा डाव चुकला. मते मोजल्याशिवाय विधेयक पटलावर ठेवू नये, हे बापाच्या नावावर मते मिळवलेल्या राजकारण्याला सांगावे लागू नये. इतरांची मते वाचायला आवडतील.

जुनापेठकर

सह्यकडा, मांडणी आवडली. वडिलांच्या वारशाचा मुद्दा आपण ओझरता मांडला आहे, त्यात थोडी भर घालतो, कारण अफगाणिस्तानची तेव्हाची मतदानपद्धत समजून घेतल्याशिवाय त्या वारशाचे मोल कळत नाही.

वोलेसी जिर्गाच्या २४९ जागा होत्या. संपूर्ण प्रांत हा एकच मतदारसंघ, त्यातून अनेक सदस्य निवडायचे, पण मतदाराला मत एकच. ते एका व्यक्तीला द्यायचे आणि उरलेसुरले मत दुसऱ्या कुणाकडे वळत नसे. मतपत्रिकेवर पक्षाला स्थान नव्हते. २००५ मध्ये काबूल प्रांतात उमेदवारांची संख्या चारशेच्या घरात गेली आणि मतपत्रिका वर्तमानपत्रासारखी अनेक पानांची झाली. एवढ्या उमेदवारांना वेगवेगळी चिन्हे आणायची कुठून? मग तेच चिन्ह कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन अशा संख्येने वाटले गेले.

अशा व्यवस्थेत विचारसरणीवर मते मागणे जवळपास अशक्य असते. थोडीशी, पण घट्ट बांधलेली मते ज्याच्याकडे आहेत तो निवडून येतो. आणि घट्ट बांधलेली मते म्हणजे नातीगोती, खोरे, मशीद, जुन्या सेनापतीचा गोतावळा किंवा पैसा. कूफी यांच्याकडे यांतली पहिली दोन होती. त्यांची बहीण मरियम शेजारच्या तखार प्रांतातून संसदेत गेली, यावरून या घराण्याचा विस्तार लक्षात यावा. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. पक्ष उभेच राहू न देणाऱ्या पद्धतीत घराणे हाच पक्ष होतो.

निशिगंधा

चर्चा वाचते आहे. एक शंका आहे. महिलांसाठी राखीव जागा होत्या ना? मग कूफी त्या जागेवरूनच आल्या असतील, तर वडिलांच्या वारशाला इतके महत्त्व का द्यावे?

जुनापेठकर

निशिगंधाताई, २००४ च्या राज्यघटनेने प्रत्येक प्रांतातून सरासरी किमान दोन महिला निवडून याव्यात अशी तरतूद केली आणि त्यानुसार ६८ जागा महिलांसाठी ठरल्या. परंतु त्यासाठी महिलांची वेगळी यादी किंवा वेगळे मतदान नव्हते. सगळे एकाच मतपत्रिकेवर. मोजणीनंतर पुरेशा महिला आपसूक वर आल्या नसतील, तर सर्वाधिक मते मिळालेल्या महिलेला खालून वर घ्यायचे. त्यामुळे राखीव जागेसाठीसुद्धा इतर महिलांपेक्षा जास्त मते आणावीच लागत आणि ती मते पुन्हा त्याच मार्गांनी यायची. शिवाय 'कोट्यातली' असा शिक्का बसला की सभागृहात शब्दाला वजन उरत नाही. उपसभापतिपद मिळवायला सभागृहातील पुरुषांची मते लागतात, तिथे कोटा चालत नाही.

रेवा

सह्यकडा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे आणि जरा विस्ताराने लिहिते, कारण २०१३ च्या त्या सकाळकडे केवळ आकड्यांच्या चष्म्यातून पाहणे मला अपुरे वाटते.

अफगाण राज्यघटनेच्या कलम ७९ नुसार संसदेचे अधिवेशन चालू नसताना सरकार अध्यादेश काढू शकत असे. मात्र संसद भरल्यावर तीस दिवसांच्या आत तो तिच्यापुढे मांडावा लागे, आणि संसदेने फेटाळला तर तो रद्द होई. २००९ चा अध्यादेश संसदेकडे गेला आणि समित्यांच्या कपाटात पडून राहिला. मंजूर नाही, नामंजूर नाही. या लटकत्या अवस्थेत तो लागू होता, पण कोणत्याही न्यायाधीशाला, कोणत्याही ठाण्याच्या अंमलदाराला 'हा काही संसदेचा कायदा नव्हे' असे म्हणायला जागा होती. संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तान मोहिमेने नोव्हेंबर २०११ मध्ये जो अहवाल दिला, त्यातले आकडे पाहा. मार्च २०१० ते मार्च २०११ या वर्षात मानवाधिकार आयोगाकडे या कायद्यातील गुन्ह्यांत बसणाऱ्या २,२९९ घटनांची नोंद झाली, आणि फिर्यादी पक्षाने या कायद्याखाली आरोपपत्र दाखल केले ते फक्त १५५ प्रकरणांत. शंभरातल्या सातांत. उरलेल्या घटनांत एकतर तडजोड घडवली गेली किंवा जुन्या दंडसंहितेखाली सौम्य कलम लावले गेले.

आता २०१३ चे वातावरण आठवा. परदेशी फौजा पुढच्या वर्षअखेरपर्यंत जाणार होत्या. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक २०१४ मध्ये होती आणि करझाई पुन्हा उभे राहू शकत नव्हते. तालिबानशी बोलणी सुरू करण्याच्या हालचाली कतारमधील दोहामध्ये चालल्या होत्या. कूफी यांचा युक्तिवाद उघड होता: अध्यादेश एका माणसाच्या सहीने आला आहे, तर पुढचा माणूस तालिबानशी सौदा करताना तो एका सहीने मागेही घेईल. संसदेचा शिक्का बसला तर तो उखडणे तितके सोपे राहणार नाही. पुढे दोहामधील बोलण्यांचा जो शेवट झाला तो पाहता ही भीती अनाठायी होती, असे कोण म्हणेल?

मते मोजली नव्हती, हे मान्य. पण अनुकूल सभागृहाची वाट पाहायची ठरवली असती, तर ते सभागृह कधी आले असते? नंतर आलेच नाही.

मनोहर_९

रेवाताईंच्या प्रतिसादातला आवेश समजतो, पण त्या वेळी विरोध केवळ मुल्लांनी केला नव्हता, हे नोंदवणे गरजेचे आहे. हा अध्यादेश जन्माला यावा म्हणून ज्या महिला कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, त्यांच्यातल्याच अनेकींनी कूफी यांना हे पाऊल उचलू नका असे आधीच विनवले होते. त्यांचे म्हणणे असे की अध्यादेश आहे तसा राहू द्यावा आणि अंमलबजावणी रेटावी. सभागृहात नेला तर एकतर तो फेटाळला जाईल, किंवा दुरुस्त्या सुचवून सुचवून त्याचा सांगाडाच उरेल. कूफी यांनी ऐकले नाही. राष्ट्राध्यक्षपदाची आकांक्षा त्यांनी त्याआधीच बोलून दाखवलेली असल्यामुळे, स्वतःच्या नावावर कायदा लागावा म्हणून हा खटाटोप चालला आहे, अशी टीका झाली. (ती आकांक्षा शेवटी वयाच्या अटीवर अडली. घटनेनुसार उमेदवाराला चाळीस वर्षे पूर्ण असावी लागत आणि २०१४ मध्ये त्या चाळिशीच्या अलीकडे होत्या.)

आणि परिणाम पाहा. सभागृहात ते झाल्यावर काही दिवसांतच काबूल विद्यापीठात या कायद्याविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. चार वर्षे ज्या कायद्याची धर्मगुरूंना फारशी दखल नव्हती, तो एका सकाळीत सर्वतोमुखी झाला. त्याच वर्षी निवडणूक कायद्यात प्रांतिक परिषदांमधील महिलांचा वाटा पंचवीस टक्क्यांवरून वीसवर आणला गेला. पुढे नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपीच्या नातेवाइकांना साक्षीपासून दूर ठेवणारे कलम घुसवण्यात आले. म्हणजे घरात मार खाल्लेल्या बाईसाठी घरातले कुणी साक्ष देऊच शकणार नव्हते. चोहोकडून ओरड झाल्यावर करझाई यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बदलण्याचा आदेश दिला. हे सगळे त्या एका दिवसामुळे घडले, असे मी म्हणणार नाही. विरोधकांना आपली संख्या किती आहे याचा अंदाज मात्र त्या दिवशी आला.

निशिगंधा

मला इथे मलालाई जोया यांची आठवण होते. त्याही २००५ च्याच सभागृहातल्या. फराह प्रांताच्या. डिसेंबर २००३ मध्ये घटना मंजूर करण्यासाठी भरलेल्या लोया जिर्गामध्ये, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींच्या महासभेत, वयाच्या पंचविशीत, युद्ध पेटवणाऱ्या सरदारांना इथे का बसवले आहे, त्यांच्यावर खटले भरा, असे त्या सर्वांसमक्ष बोलल्या, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या सिबगतुल्ला मुजद्दिदी यांनी त्यांना बाहेर काढण्याचा हुकूम सोडला. पुढे त्या निवडून आल्या. मे २००७ मध्ये दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत त्यांनी संसदेला जनावरांच्या गोठ्यापेक्षा वाईट म्हटले, म्हणून सभागृहाने त्यांना निलंबित केले. ते निलंबन मुदत संपेपर्यंत उठले नाही. आंतरसंसदीय संघाने आक्षेप नोंदवूनही नाही.

कूफी त्याच सरदारांबरोबर बसून चहा घेत होत्या, त्यांच्या मतांवर उपसभापती झाल्या. मग खरी लोकप्रतिनिधी कोणती? जोया यांचे बोलणे तंतोतंत खरे होते, हे आज कुणीही मान्य करेल.

सह्यकडा

निशिगंधाताई, जोया यांचे बोलणे खरे होते, यावर माझे दुमत नाही. पण ज्या फराहच्या मतदारांनी त्यांना पाठवले, त्यांना २००७ नंतर आपल्या प्रतिनिधीचा आवाज सभागृहात मिळाला नाही, ही बाजूही आहे. तो दोष अर्थातच निलंबन करणाऱ्यांचा. जोया या सभागृहाच्या साक्षीदार होत्या, कूफी त्याच्या सदस्य होत्या, असे मी म्हणेन. दोन्ही कामांची गरज असते, मात्र ती एकाच व्यक्तीकडून होणे अवघड.

आणि सरदारांबरोबरच्या चहाविषयी. बदख्शान हा माजी राष्ट्राध्यक्ष बुरहानुद्दीन रब्बानी यांचा प्रांत, त्यांच्या जमियत-ए-इस्लामी पक्षाचा बालेकिल्ला. तालिबानच्या काळातही फैझाबाद तालिबानच्या हाती पडले नव्हते. काबूलहून परतलेल्या कूफी यांना तिथे काम करता आले ते त्यामुळेच. प्रांताची अवस्था कशी होती, त्याचा एकच आकडा देतो. २००२ च्या सुमारास झालेल्या पाहणीत बदख्शानच्या राघ जिल्ह्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६,५०७ मातामृत्यू आढळले. जगात तोवर नोंदवल्या गेलेल्या सर्वाधिक दरांपैकी हा एक. दवाखाना घाटापलीकडे, घाट वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली, आणि डॉक्टरीणबाई असल्याच तर फैझाबादेत. अशा भागातल्या मतदाराला आपल्या खासदाराकडून सत्यकथन हवे असते की रस्ता आणि सुईण? हा प्रश्न मी उपरोधाने विचारत नाही. रस्त्यासाठी मंत्र्याकडे जावे लागते आणि मंत्री बहुधा कुणाचा तरी माजी सेनापती असतो.

रेवाताईंच्या युक्तिवादाने मला विचारात पाडले आहे, विशेषतः कलम ७९ चा मुद्दा. त्यावर पुन्हा येतो.

कोरापाटी

थोडे अवांतर, पण संबंधित. ज्या इमारतीत या संसदेची शेवटची वर्षे गेली ती भारताने बांधून दिलेली आहे. काबूलच्या दारुल अमान राजवाड्याजवळची ती वास्तू २५ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. तिच्या एका भागाला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव दिले होते. त्याच वर्षी २२ जूनला जुन्या इमारतीवर अधिवेशन चालू असताना तालिबानने हल्ला केला होता, बाहेर मोटारबॉम्ब फुटला आणि आत धुळीने भरलेल्या सभागृहातून सदस्य बाहेर पडत असल्याची दृश्ये सर्वत्र दाखवली गेली.

आणि याच संसदेच्या सदस्य रंगिना कारगर, फर्याब प्रांताच्या, २० ऑगस्ट २०२१ रोजी दिल्लीच्या विमानतळावर उतरल्या, तर त्यांना देशात न घेता परत पाठवण्यात आले. दोनच दिवसांनी अफगाण शीख खासदारांना विमानाने दिल्लीत आणले गेले. नंतर सरकारने कारगर यांच्याविषयी दिलगिरी व्यक्त केल्याचे त्यांनी सांगितले. संसद बांधून देणाऱ्या देशाच्या दारातून तिचीच सदस्य माघारी जाते, हे मला अजून पचलेले नाही. धाग्याचा विषय भरकटू नये म्हणून थांबतो.

रेवा

मनोहरजींचा आक्षेप वजनदार आहे. महिला कार्यकर्त्यांनी विरोध केला होता हे मी माझ्या प्रतिसादात लिहायला हवे होते, असे कुणी म्हणू शकेल. पण त्यांच्या भूमिकेतही एक अडचण होती. 'सभागृहात नेऊ नका' याचा अर्थ आपल्याला हवा असलेला कायदा लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या नजरेआड ठेवावा, असा होतो. बाहेरच्या पैशावर आणि राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर तो टिकवायचा. खासदाराने ही भूमिका घ्यावी, अशी अपेक्षा करणे मला विचित्र वाटते. कार्यकर्ती ती घेऊ शकते. खासदार ज्या सभागृहात बसते त्यावर तिचा एवढाही विश्वास नसेल, तर तिने तिथे बसावे कशाला?

माझ्या मते कूफी यांची गफलत निर्णयात नव्हती, पूर्वतयारीत होती. मित्रपक्षातील धर्मगुरूंना आधी विश्वासात घेणे, मुलींच्या विवाहाचे वय किंवा निवारागृहे अशा कलमांवर कुठे किती नमते घ्यायचे ते ठरवून ठेवणे, सभापतींशी बोलून ठेवणे, हे त्यांच्यासारख्या व्यक्तीला जमण्यासारखे होते. ते पुरेसे झाले नाही, हे त्या दिवशीच्या गोंधळावरून दिसते.

जुनापेठकर

एका गोष्टीकडे अजून कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. इब्राहिमी यांनी चर्चा थांबवली, म्हणजे मतदान झालेच नाही. मतदान झाले असते तर अध्यादेश फेटाळला जाण्याची दाट शक्यता होती, आणि कलम ७९ प्रमाणे तो त्याच क्षणी संपला असता. चर्चा थांबवून समित्यांकडे पाठवल्यामुळे तो पूर्वीसारखाच लटकत राहिला, म्हणजेच लागू राहिला. २०१७-१८ मध्ये नवी दंडसंहिता करताना ही कलमे तिच्यात सामील करायची की नाही यावर पुन्हा घमासान झाले आणि शेवटी ती बाहेरच ठेवली गेली, तेव्हाही २००९ चा अध्यादेश स्वतंत्रपणे जिवंत होता. सभापतींच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. पण ज्या माणसाला त्या दिवशी महिलांच्या विरोधात उभा राहिलेला म्हणून दाखवले गेले, त्याच्याच हातून कायदा वाचला.

मनोहर_९

जुनापेठकर साहेब, हा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो बिनतोड आहे. फक्त तो माझ्या बाजूने जातो, असे मला वाटते. कायदा वाचला तो मतदान टळले म्हणून, आणि कार्यकर्त्या नेमके तेच सांगत होत्या.

निशिगंधा

२०१३ नंतर कूफी यांच्या संसदीय कारकिर्दीचे काय झाले? त्या दोहामध्ये होत्या हे वाचले होते, पण तेव्हा त्या खासदार होत्या का?

सह्यकडा

नव्हत्या. २०१० मध्ये त्या दुसऱ्यांदा निवडून आल्या होत्या आणि ते सभागृह, निवडणुका लांबत गेल्यामुळे, २०१९ पर्यंत चालले. ऑक्टोबर २०१८ च्या निवडणुकीआधी निवडणूक तक्रार आयोगाने पस्तीस उमेदवारांना बेकायदा सशस्त्र गटांशी संबंध असल्याच्या कारणावरून अपात्र ठरवले. त्यांत फौजिया आणि मरियम या दोघी बहिणी होत्या. दोघींनी आरोप फेटाळला. ज्या आयोगासमोर असे कितीतरी सरदार वर्षानुवर्षे निर्धोक उभे राहिले, त्याने यांनाच कसे हेरले, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. घराण्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या नेत्याला घराण्याचे सगळेच हिशेब अंगावर घ्यावे लागतात, असेही कुणी म्हणेल. दोन्ही बाजू नोंदवून ठेवतो.

संसदेबाहेर पडल्यावर त्यांचे राजकीय वजन वाढले, ही गंमतच म्हणायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये मॉस्कोत तालिबान आणि अफगाण नेते भेटले. त्या पुरुषांनी भरलेल्या दालनात दोन महिला प्रतिनिधी होत्या आणि कूफी त्यांतल्या एक. स्त्री पंतप्रधान होऊ शकते, राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही, असे तालिबानच्या बाजूने त्यांना तिथे ऐकवण्यात आले, हे त्यांनीच सांगितले आहे. २०२० मध्ये सरकारच्या बाजूने वाटाघाटींसाठी एकवीस जणांचे पथक नेमले गेले. त्यात चार महिला होत्या: हबीबा सराबी, फातिमा गैलानी, शरीफा झुरमती आणि कूफी. १४ ऑगस्ट २०२० रोजी परवान प्रांतातून काबूलला परतताना त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. मरियमही सोबत होत्या. कूफी यांच्या उजव्या दंडाला गोळी लागली. १२ सप्टेंबरला दोहामध्ये वाटाघाटींचे उद्घाटन झाले तेव्हा तो हात बांधलेला होता. मार्च २०१० मध्येही त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला होता, पण तेव्हा त्या खासदार होत्या आणि सोबत पोलिसांचा बंदोबस्त होता.

वर्षभर दोहाच्या हॉटेलांत बोलणी रेंगाळली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले आणि महिनाअखेरीस कूफी देशाबाहेर पडल्या.

रेवा

आणि तो अध्यादेश?

जुनापेठकर

रेवाताई, तो ना मंजूर झाला ना फेटाळला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये काबूलमधील महिला मंत्रालयाची इमारत सदाचार आणि दुराचार प्रतिबंध मंत्रालयाला दिली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवडणूक आयोग बरखास्त झाला आणि वोलेसी जिर्गा पुन्हा भरलीच नाही. हिंसाचाराचे खटले चालवण्यासाठी जी स्वतंत्र न्यायालये आणि फिर्यादी कार्यालये उभी राहिली होती ती बंद पडली. कागदोपत्री बोलायचे तर २०१३ मध्ये इब्राहिमी यांनी ज्या समित्यांकडे मसुदा पाठवला, त्यांचा अहवाल अजून यायचा आहे.

मनोहर_९

सह्यकडा, अतंगा घाटाच्या रस्त्याविषयी अधिक माहिती मिळाली तर अवश्य लिहावे. राजा झहीर शाहच्या काळातील संसदेत प्रांतिक सदस्य अशी कामे कशी तडीस नेत, यावर मराठीत फारसे काही वाचनात नाही. १९६५ च्या निवडणुकीत चार महिला वोलेसी जिर्गामध्ये निवडून आल्या होत्या, त्यांच्यावरही स्वतंत्र धागा निघायला हवा. अनाहिता रातेबजाद यांच्यापासून सुरुवात करता येईल. पुढच्या आठवड्यात मीच तो काढतो.